दोन हंगामांची नाव

जॉन बोट ही सपाट तळाची, बुटक्या काठांची आणि नाळेलाही टोक नसलेली उघडी नाव आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात, लुइझियाना-आर्कान्सॉच्या दलदलीत आणि उत्तरेला मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर ही एकच नाव वर्षभरात दोन कामे करते. बर्फ वितळल्यापासून पाने गळेपर्यंत तिच्यातून मासे धरतात, आणि पुढे तीच नाव गवताने झाकून बदकांच्या शिकारीला निघते. सपाट तळामुळे ती वीतभर पाण्यातही तरंगते, वाळूवर ओढून घेता येते आणि आतला माणूस उठून उभा राहिला तरी पटकन कलत नाही. वारा सुटून लाटा उठल्या, की मात्र हाच तळ आपटू लागतो आणि बुटक्या काठांवरून पाणी आत येते. तिच्यावर काय चढवायचे आणि तिची निगा कशी राखायची, हे सारे या एका मर्यादेवर अवलंबून आहे.

पूर्वी या नावा लाकडाच्या असत. कोरड्या पडल्या की फळ्या आकसत आणि सांधे उघडत, म्हणून त्या पाण्यातच ठेवाव्या लागत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू बाजारात आणल्या, आणि पुढच्या काही दशकांत पत्र्याच्या हलक्या नावा सगळीकडे रुळल्या. आज जॉन बोटीचा आकार चार आकड्यांत सांगतात. १४३६ म्हणजे १४ फूट लांब आणि तळाशी ३६ इंच रुंद. १६४८ म्हणजे १६ फूट लांब आणि ४८ इंच रुंद. नाव विकत घेताना बहुतेकांचे लक्ष लांबीकडे जाते, पण दोन्ही हंगामांसाठी नाव हवी असेल तर रुंदी अधिक महत्त्वाची. तळाची एक फूट जास्त रुंदी नावेला जे स्थैर्य देते, ते दोन फूट जास्त लांबी देत नाही.

पत्रा जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. रिव्हेट ठोकलेली नाव हलकी आणि स्वस्त असते. वेल्डिंगची नाव जड, महाग आणि धक्के सोसणारी असते. बुडालेली खोडे, दगड आणि पहाटेचा पातळ बर्फ यांतून वाट काढायची असेल तर वेल्डिंगच बरे. पातळ बर्फ फोडत जाणारी नाव पाण्याच्या रेषेवर नेमकी तिथेच घासते, जिथे रिव्हेटची रांग असते. एकेक रिव्हेट सैल होत जातो आणि दोन-तीन हंगामांनंतर तळात पाणी दिसू लागते.

गळती शोधण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे. नाव ट्रेलरवर कोरड्या जागी ठेवायची, तळाचे बूच लावायचे, आत थोडे पाणी भरायचे आणि खाली जाऊन थेंब कुठून पडतात ते पाहायचे. थेंबाच्या जागी खडूने खूण करायची. पाणी भरताना हात आखडता ठेवावा लागतो, कारण १४ फुटी नावेत चार इंच पाणी म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर भार होतो, आणि हा भार तळाला नीट आधार नसताना पत्र्यावर पडतो. दोन इंच पाणी पुरते. सैल रिव्हेट एका बाजूने लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हातोडीने पुन्हा बसवता येतो. झिजलेला असेल तर भोक पाडून काढतात आणि सागरी सीलंट लावून नवा भरीव रिव्हेट ठोकतात. घरगुती कामाचा पोकळ पॉप रिव्हेट पाण्याच्या रेषेखाली वापरणे चूक, कारण त्याच्या मधल्या पोकळीतूनच पाणी आत येते. तो वापरायचाच असेल तर बंद टोकाचा हवा. सगळे झाले की आतून सांध्यांवर एपॉक्सीचा पातळ थर देतात.

ॲल्युमिनियम गंजत नाही, असे अनेकजण धरून चालतात. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही हे खरे, पण दुसरा धातू आणि ओल एकत्र आले की ते झपाट्याने खाल्ले जाते. तांब्याशी तर त्याचे अजिबात जमत नाही. म्हणून तळाला शेवाळ चढू नये यासाठी मोठ्या बोटींना लावतात तो तांबेयुक्त रंग या नावेला चालत नाही. स्टीलचा बोल्ट पत्र्यातून घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर ठेवतात. नावेत सांडलेले नाणे किंवा छर्रा ओल्या कोपऱ्यात वर्षभर पडून राहिला, तर त्याखाली पत्र्याला खड्डा पडू शकतो. झाडून-पुसून ठेवण्याचे काम त्यामुळे फार मोलाचे आहे. रंग लावायचा असेल तर आधी पत्रा घासून त्यावर ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर लावावा लागतो, नाहीतर पहिल्या हंगामातच रंगाचे पापुद्रे निघतात.

तांब्याचा हाच दोष मागच्या फळीच्या दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान करतो. ज्या उभ्या फळीवर इंजिन टांगतात, ती ट्रान्समची फळी बहुतेक नावांत पत्र्याच्या दोन थरांमध्ये प्लायवुड घालून केलेली असते. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपते, प्लायवुड आतून कुजते, आणि बाहेरून पत्रा मात्र धडधाकट दिसतो. इंजिनाचा खालचा भाग धरून हलवला आणि फळी लवली, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर फळी बदलायला हवी. इथे बरेचजण वाळवी न लागणारे, औषध मुरवलेले लाकूड घालतात. त्या औषधात तांबे असते. ओल्या लाकडातले तांबे पत्रा आतून पोखरते आणि लाकूड शाबूत असताना नावच निकामी होते. साधे सागरी प्लायवुड सर्व बाजूंनी, प्रत्येक भोकाच्या आतूनसुद्धा, एपॉक्सीने बंद करून बसवणे हाच टिकाऊ उपाय.

आउटबोर्ड इंजिनाची देखभाल मोठी वाटते, पण नियमाने केली तर ती थोड्या वेळात होते. नदीचे किंवा तळ्याचे पाणी आत ओढून हे इंजिन थंड राहते. ते पाणी ओढणारा रबरी इंपेलर दोन-तीन वर्षांनी बदलतात. गाळाच्या पाण्यात चालवत असतील तर दरवर्षी. इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते, ती बंद झाली तर इंजिन लगेच थांबवायचे. किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुऊन काढतात. गंज स्वतःवर ओढून घेणारे धातूचे ठोकळे खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे आणि दोन्हीकडे जाणाऱ्या नावेसाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे लागतात.

मासेमारीचा हंगाम संपून शिकारीचा सुरू होताना एक तपासणी कधीच टाळू नये. पंखा काढून त्याच्या दांड्याभोवती गुंडाळलेली नायलॉनची गळदोरी कापून काढायची. ही दोरी दांड्याचे सील कापते, कापलेल्या सीलमधून गिअरच्या डब्यात पाणी शिरते, आणि तेल दुधाळ होते. उन्हाळ्यात एवढ्याने इंजिन लगेच बंद पडत नाही. पण डिसेंबरात ते पाणी तेलाच्या खाली साचून गोठते, फुगते आणि डब्याला तडा जातो. एका हंगामातला दोरीचा तुकडा दुसऱ्या हंगामात गिअरचा अख्खा डबा फोडतो. म्हणून तेल दरवर्षी थंडीपूर्वी बदलायचे, आणि वापर झाल्यावर इंजिन उभे ठेवून आतले पाणी पूर्ण निथळू द्यायचे.

पेट्रोलचाही त्रास आहे. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि ती मर्यादेपलीकडे गेली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. इंजिन नेमका तोच थर आधी ओढते. महिनाभर नाव वापरायची नसेल तर टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटे चालवतात, म्हणजे औषध मिसळलेले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. भारतात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून ही काळजी इथल्या पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डनाही लागू पडते.

दलदलीत मात्र साधे आउटबोर्ड फार पुढे जात नाही. गवत आणि चिखल पाणी ओढण्याची वाट बुजवतात. लुइझियानात १९७७ च्या सुमारास वॉरन कोको यांनी ‘गो-डेव्हिल’ नावाने लांब दांड्याचे चिखल-इंजिन बनवायला सुरुवात केली. हवेने थंड होणारे इंजिन आणि लांब दांड्याच्या टोकाला पंखा, अशी ही रचना थायलंडच्या लांब शेपटीच्या नावांशी जुळणारी आहे. पाणी आत घ्यायचे नसल्याने बुजायलाही काही नसते. ते जड असते, आवाज फार करते आणि मासेमारीत गळ ओढत संथ जाण्यासाठी निरुपयोगी असते. दोन्ही कामांसाठी एकच इंजिन हवे असेल तर लहान आउटबोर्ड आणि सोबत रुंद पायाची लांब काठी हीच जोडी बरी. काठीचे टोक चिखलात रुतत नाही, आणि शेवटचे शंभर फूट नाव ढकलत नेता येते.

विजेचे काम थोडक्यात सांगता येईल. तारा कथिल चढवलेल्या तांब्याच्या हव्यात, प्रत्येक जोडणीला फ्यूज बॅटरीजवळच हवा, आणि मोटारगाडीप्रमाणे पत्र्यालाच ऋण तार जोडणे टाळायला हवे, कारण त्याने तळ खाल्ला जातो. १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची ट्रोलिंग मोटर (नाव संथ चालवणारी विजेची मोटर) पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, त्यामुळे तिला खोलवर रिकामी होणे सोसणारी (डीप-सायकल) वेगळी बॅटरी लागते. लिथियम बॅटरीचे वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते, आणि छोट्या नावेत हा फायदा मोठा आहे. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. शिकारीनंतर ती घरात आणून कोमट होऊ द्यावी लागते.

मासेमारीची सामग्री साधी आहे: गळाच्या काठ्या अडकवायच्या खोबणी, मासे शोधणारे सोनार, नांगर आणि मासे जिवंत ठेवायची पेटी. सोनारचा सेन्सर ट्रान्समवर थेट न ठोकता आधी चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाटावर बसवावा, म्हणजे जागा बदलताना नावेला नवी भोके पडत नाहीत. पत्र्यावर डबा घसरला तरी आवाज पाण्यात दूर जातो आणि मासे दबकतात, बदकेही बिचकतात. म्हणून तळावर रबरी किंवा बंद छिद्रांच्या फोमची चटई घालतात. गालिचा घालण्याची पद्धत आहे, पण तो ओल धरतो आणि खालचा पत्रा खराब करतो. अनेक हौशी लोक पुढे उंच फळ्यांचा ओटा आणि त्यावर फिरती खुर्ची बसवतात. छायाचित्रात ते छान दिसते. पण त्यामुळे माणसाचे वजन फूटभर वर चढते आणि नाव उलटण्याचा धोका वाढतो. १४ फुटी नावेवर असा ओटा नसलेलाच बरा. त्यासाठी बाकाखालचा फोम काढून कप्पे करणे तर फारच वाईट. एक घनफूट फोम सुमारे २७ किलो भार तरंगता ठेवतो, आणि पाणी भरलेली नाव त्याच आधारावर वर राहते. तो फोम जुना होऊन पाणी प्यायला असेल तर बदलावा, पण जागा रिकामी ठेवू नये.

ऑक्टोबरमध्ये नावेचे रूप बदलते. चकचकीत पत्र्यावर मातकट, निस्तेज रंग चढतो आणि काठावर घडीची चौकट बसते. ही चौकट म्हणजे नावेवरचे लपण. त्यावर राफियाचे पट्टे आणि त्या-त्या पाणथळीतले गवत बांधतात. बाजारातले गवत सगळीकडे सारखेच असते, म्हणून शेवटचा थर स्थानिक गवताचाच हवा. बदके वरून बघतात, आणि रंगापेक्षा त्यांना नावेच्या आतली काळी सावली आणि चमकणारे चेहरे आधी खटकतात. त्यामुळे लपणाचे छप्पर भिंतींइतकेच महत्त्वाचे. पण उंच लपण वारा धरते, आणि बुटक्या काठांच्या नावेला वारा बाजूला लोटतो. प्रवासात ते पूर्ण खाली पाडायचे आणि जागेवर पोचल्यावरच उभे करायचे. लपणात गॅसची शेगडी पेटवायची तर वरची आणि खालची वाट मोकळी ठेवायची, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यासोबत डिकॉय येतात, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली बदके, प्रत्येकाला दोरी आणि शिशाचे वजन. मारलेले बदक आणणारा लॅब्रडॉर किंवा चेसापीक जातीचा कुत्राही असतो. तो भिजून काठावरून आत उडी घेतो तेव्हा सगळी नाव एका बाजूला झुकते. म्हणून त्याच्यासाठी मागे, पाण्यालगत, पायरीचा पाट लावतात.

आता वजनाचा हिशेब. अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटरबोटींवर कारखान्याची क्षमतेची पाटी असते: किती माणसे, एकूण किती वजन, किती अश्वशक्तीचे इंजिन. १४३६ च्या पाटीवर एकूण वजन बहुधा अडीचशे किलोंच्या आसपास असते. थंडीचे कपडे, छातीपर्यंतचे रबरी वेडर, बंदूक आणि काडतुसे धरून एक शिकारी सहज ९५ किलो भरतो. दोघांचे १९०, कुत्रा ३०, तीन डझन डिकॉय ३५, इंजिन ५०, बॅटरी २५, पेट्रोल १०, लपण आणि गवत २५. बेरीज ३६५ किलो. गवत भिजले की आणखी वाढ. उन्हाळ्यात दोन माणसांना निर्धास्त वाटणारी नाव नोव्हेंबरात, एकही अनावश्यक वस्तू न घेता, मर्यादेच्या शंभर किलो वर गेलेली असते. उपाय दोनच: मोठी नाव, किंवा दोन फेऱ्या. निम्मे डिकॉय घरी ठेवून शिकार बिघडत नाही. इथे हौस आवरावी लागते, आणि अनुभवी शिकारी ती आवरतात.

वजन थंडीत एवढे महत्त्वाचे का, हे ११ नोव्हेंबर १९४० च्या वादळाने दाखवले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात त्या दिवशी सकाळी हवा उबदार होती. मिसिसिपीच्या वरच्या पात्रातल्या बेटांवर बदकांचे शिकारी साध्या जाकिटांत, छोट्या नावा घेऊन गेले होते. दुपारपर्यंत तापमान कोसळले, सुसाट वारा आणि हिमवृष्टी सुरू झाली, नदीत उंच लाटा उठल्या, आणि छोट्या नावांना परतीची वाट राहिली नाही. वादळात एकूण सुमारे दीडशे माणसे मेली. मिनेसोटातल्या ४९ मृतांमध्ये शिकारी मोठ्या संख्येने होते. दुसऱ्या दिवशी विनोना गावचे वैमानिक मॅक्स कॉनरॅड यांनी लहान विमानातून बेटांवर अडकलेल्यांना अन्न आणि काड्यापेट्या टाकल्या आणि बचाव करणाऱ्यांना वाट दाखवली.

थंड पाण्यात पडल्यावर काय होते, याचा अभ्यास कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी केला आहे. त्यांचे सूत्र लक्षात ठेवायला सोपे: श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन माणूस बुडतो, तो थंडीने गोठण्याच्या फार आधी. लाइफ जॅकेट नावेत असून उपयोग नाही, ते अंगावरच हवे. अमेरिकेचा कायदा प्रत्येक माणसामागे एक जॅकेट आणि १६ फूट व त्यावरच्या नावेत फेकता येईल असे तरंगते साधनही मागतो. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटरबोटींत वेगाने जाताना इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असणे केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. चालक पाण्यात पडला की इंजिन थांबते, आणि नाव त्याला सोडून पुढे जात नाही किंवा गोल फिरून त्याच्यावरच येत नाही.

शिकारीचे नियमही नावेच्या सामग्रीवर परिणाम करतात. सूर्योदयापूर्वी अर्धा तास शिकार सुरू करता येते, म्हणजे नाव काळोखात पाण्यात उतरते. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा चालू स्थितीत हवा. इंजिन पूर्ण बंद होऊन नाव थांबेपर्यंत तिच्यातून गोळी झाडता येत नाही. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे टिपून बदके विषबाधेने मरत. १६ वर्षे व त्यावरच्या प्रत्येक शिकाऱ्याला १९३४ पासून सुरू असलेले ‘डक स्टॅम्प’ विकत घ्यावे लागते. त्या पैशातून आजवर ६० लाख एकरांहून अधिक अधिवास राखला गेला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बदकांची शिकार करता येत नाही. अमेरिकेच्या पाणथळीत हिवाळा काढणाऱ्या तलवार बदक आणि थापट्या या जाती महाराष्ट्रातही हिवाळी पाहुण्या आहेत. भिगवण परिसरात उजनीच्या फुगवट्यावर स्थानिक होड्या पक्षी पाहणाऱ्यांना त्यांच्याजवळ नेतात. तिथेही वजनाचा आणि जॅकेटचा हिशेब तोच.

तळाचे बूच ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि ती विसरल्याने अनेक नावा धक्क्यापाशीच पाण्याने भरतात. झेब्रा शिंपल्यांसारखे उपरे जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटासारख्या राज्यांत रस्त्यावरून नाव नेताना बूच काढून ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. नियम योग्यच आहे. पण पहाटेच्या काळोखात ते पुन्हा लावायचे राहते. म्हणून जाणते लोक बूच गाडीच्या किल्लीलाच बांधतात आणि एक जादा बूच इंजिनापाशी ठेवतात.

ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग गरम असतानाच गार पाण्यात उतरतात, आतली हवा आकसते आणि पाणी ओढले जाते. म्हणून दर हंगामाला त्यांत नवे ग्रीस भरतात. टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात, तेव्हा नक्षीपेक्षा बाजूच्या भेगा पाहायच्या. नावेखालच्या आधाराच्या फळ्याही औषधी लाकडाच्या नसाव्यात.

हंगाम संपला की गवत उतरवून वाळवतात आणि उंदरांपासून दूर टांगतात, डिकॉयच्या दोऱ्या तपासून गुंडाळतात, आणि नाव उताणी न ठेवता पालथी, जमिनीपासून वर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात. ट्रेलरवरच ठेवायची असेल तर नाळ उंच करून बूच काढून ठेवतात, म्हणजे वितळलेला बर्फ तळात न साचता निघून जातो.